नशा करणाऱ्यांसोबत फील्डवर काम करायचंय? मग या चुका टाळा

2023 च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या एमडीच्या (म्हणजे मेफेड्रोन या ड्रगच्या) कारखान्यावर धाड टाकली आणि तेव्हापासून नाशकात ज्याला त्याला ड्रग्जवर काहीतरी करायचंय. रॅली, शपथ, कॉलेजात पोस्टर स्पर्धा, सगळं झालं. त्यातली थोडी पोरंपोरी नंतर येऊन विचारतात, ताई आम्हाला खरं काम करायचंय, तुमच्या ग्रुपसोबत येऊ का? या की. पण नवीन आलेले बरेचसे जण पहिल्या महिन्यात त्याच त्याच चार-पाच ठिकाणी अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, समोरच्याला सुधारायची घाई. म्हणून हे लिहून ठेवतेय.

आधी काम काय ते समजून घ्या. आपलं काम हार्म रिडक्शनचं, म्हणजे हा माणूस आज नशा सोडणार नाहीये हे धरून चालायचं आणि तोपर्यंत त्याचं नुकसान जेवढं कमी करता येईल तेवढं करायचं. नवी सुई द्यायची, जुनी गोळा करायची, एचआयव्ही आणि हेपेटायटिसची तपासणी करून घ्यायची, जखमेला ड्रेसिंग, ओव्हरडोस झाला तर जीव वाचवायचा. आणि तो म्हणाला की आता बास झालं, तर त्याच्यासोबत सेंटरपर्यंत जायचं. आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की लोकांना पुण्याचं मुक्तांगण आठवतं, तिथे ॲडमिट व्हायचं, नशा पूर्ण बंद. ते काम वेगळं, हे वेगळं, आणि दोन्हीकडे माणसं एकमेकांना पाठवतात, भांडण काही नाहीये.

पहिल्याच भेटीत "सोडून दे ना दादा"

त्याला हे आईने सांगितलंय, बायकोने सांगितलंय, पोलिसांनी काठीने सांगितलंय. तुम्ही पण तेच सांगितलंत तर पुढच्या वेळी तुम्हाला लांबून बघून तो रस्ता बदलेल, आणि मग त्याच्यापर्यंत ना सुई पोचणार ना तपासणी. पहिले काही आठवडे फक्त जेवलास का, पायाची जखम कशीय, रात्री कुठे झोपतोस एवढंच. सोडायचा विषय तो स्वतः काढतो, आणि काढतोच कधी ना कधी, तेव्हा मात्र तुमच्याकडे उत्तर तयार पाहिजे. "बघू, चौकशी करतो" म्हणालात तर गेली ती वेळ. व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन 14446, एड्स आणि तपासणीसाठी 1097, हे पाठ करून ठेवा. ब्राऊन शुगरवाल्याला ओएसटी म्हणजे काय ते साध्या शब्दात सांगता आलं पाहिजे: ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची, रोज सेंटरला जाऊन स्टाफसमोर, म्हणजे टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) येत नाही आणि माणूस कामाला जाऊ शकतो. जवळचं सेंटर कुठलं ते आधीच विचारून वहीत लिहा.

आणि एक, दारू किंवा अल्प्राझोलमच्या गोळ्या रोज घेणाऱ्याला "आजपासून बंद कर" असं चुकूनही सांगू नका. मालेगावची कुत्ता गोळी म्हणून जी बदनाम झाली ती हीच अल्प्राझोलम. या दोन्ही गोष्टी अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.

"जरा धर ना ताई"

हे नीट वाचा. तुम्ही बोलत उभे आहात, त्याचा तुमच्यावर विश्वास बसलाय, आणि तो खिशातून दुमडलेली पन्नी किंवा पुडी काढून म्हणतो, जरा धर ना ताई, टॉयलेटला जाऊन आलो. दोन मिनिटांचं काम. आपल्याला वाटतं नाही म्हटलं तर बिचाऱ्याला वाईट वाटेल. पण त्या दोन मिनिटांत माल तुमच्या ताब्यात आहे, आणि 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा ताबा कुणाकडे होता ते बघतो, पुडी कुणाची होती हे नंतर तुम्ही सांगत बसणार. हसून "दादा आमच्यात चालत नाही, नोकरी जाईल" म्हणा आणि हात मागे घ्या. त्यांना कळतं हो, राग नाही येत. पुडी धरायची नाही, पोचवायची नाही, त्यासाठी गाडीवर लिफ्ट नाही, पैसे नाहीत.

पैशांवरून तर नवीन लोकांचं फार होतं. एकाने पन्नास दिले की दुसऱ्या दिवशी अख्खा कट्टा ग्रुपच्या मागे, आणि ज्याने नाही दिले तो वाईट. सगळ्या टीमचा नियम एकच ठेवा. चहा पाजा, वडापाव द्या, कॅश नाही.

सुया नेताना पोलिसांनी अडवलं तर

घाबरून बॅग लपवणे किंवा उलट आवाज चढवणे, दोन्ही नको. सुई वाटप हा सरकारच्याच एड्स कार्यक्रमाचा भाग आहे, आणि एचआयव्ही-एड्स कायदा 2017, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, त्याच्या कलम 22 मध्ये असं काम करणाऱ्याला संरक्षण दिलंय. पण ते ठरलेल्या कार्यक्रमाच्या चौकटीत काम करणाऱ्याला, मनाला येईल तशा मेडिकलमधून सिरिंज आणून वाटल्या तर नाही. म्हणून आयकार्ड गळ्यात, संस्थेचं पत्र बॅगेत, आणि कोऑर्डिनेटरचा नंबर स्पीड डायलवर. फील्ड चालू करायच्या आधी त्या भागातल्या पोलीस स्टेशनला जाऊन ओळख करून घेणं हे कोऑर्डिनेटरचं काम, ते झालंय का एवढं तुम्ही विचारा.

आपण ज्यांच्यासोबत काम करतो त्यातला एखादा नशा करणारा पकडला गेला तर? एनडीपीएसच्या कलम 64ए मध्ये स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठराविक गुन्ह्यांत खटल्यातून सूट मिळू शकते. आपोआप नाही मिळत, कोर्टात मांडावं लागतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. चौकीत जाऊन तुम्ही कायदा शिकवायला लागू नका.

जुनी सुई आणली नाही म्हणून नवी न देणे

हिशोब नीट ठेवायच्या नादात ही चूक होते. एक आण, एक घे. ऐकायला बरोबर वाटतं पण ज्याला काल पोलिसांनी हाकललं त्याने जुन्या सुया खिशात ठेवून फिरायच्या का? नवी नाही मिळाली तर तो मित्राचीच वापरणार. जागतिक आरोग्य संघटना पण असा कडक एकास-एक नियम नको म्हणते. परत आणा असं प्रेमाने सांगत राहा, डबा ठेवा, आणि वेळ काढून स्वतः जागेवर जाऊन गोळा करा.

गोळा करताना मात्र हिरोगिरी नको. जाड ग्लोव्ह्ज आणि चिमटा, पायात बूट, स्लीपर घालून आलात तर आम्ही परत पाठवतो. सुईला टोपण परत लावायचं नाही, तिथेच टोचतं. डबा खाली जमिनीवर ठेवून चिमट्याने आत टाका, दुसऱ्या हाताने डबा धरू नका. बायोमेडिकल वेस्टच्या 2016 च्या नियमांप्रमाणे टोकदार वस्तूंसाठी पांढरा, न टोचला जाणारा, न गळणारा डबा असतो, तो पाऊण भरला की बंद. बिसलेरीच्या बाटलीत भरून घंटागाडीत टाकायचं नाही, ती गोळा करणाऱ्या मावशींच्या हाताला लागतं.

आणि लागलंच तर? तुम्हाला टोचलं तर बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, डेटॉल-स्पिरिट ओतायचं नाही. वाहतं पाणी आणि साबण, आणि लगेच सिव्हिल. एचआयव्हीसाठी पीईपी म्हणून औषध असतं, शक्यतो दोन तासांच्या आत, जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू करायचं आणि 28 दिवस घ्यायचं. "रात्र झालीय, उद्या बघू", "घरी काय सांगू" असलं काही करू नका. हेपेटायटिस बीचे तीन डोस तर फील्डवर यायच्या आधीच सुरू करा, शेवटचा सहा महिन्यांनी असतो. हेपेटायटिस सीची लस नाहीये, पण गोळ्या आहेत, 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात आणि बहुतेकांचा आजार बारा आठवड्यांत बरा होतो. हे आपल्या लोकांना माहितीच नसतं, त्यांना वाटतं कावीळ म्हणजे संपलं. सुई वेगळी घेतली पण पाणी, कापूस, चमचा एकच वापरला तरी सी पसरतो, हेही सांगा.

ओव्हरडोस: कांदा, चप्पल, मिठाचं पाणी

कोणी पडला की आजूबाजूचे दहा जण दहा उपाय सांगतात. कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, मिठाचं पाणी पाजा, लिंबू पिळा, थंड पाण्याची बादली ओता, कानाखाली मारा. यातलं काहीच करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, दूध काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं.

ओठ-नखं निळी किंवा राखाडी, श्वास खूप हळू, घशातून घरघर, मोठ्याने हाक मारून आणि छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासून पण उठत नाही, तर तो झोपलेला नाहीये. 108 लावा. पत्ता सांगताना "गोदाघाटावर" एवढं म्हणू नका, घाट केवढा आहे, जवळचं देऊळ, पूल, पायऱ्या कुठल्या ते सांगा आणि एकाला रस्त्यावर उभा करा. डोकं मागे करून हनुवटी वर उचला, तोंडात काही अडकलंय का बघा, श्वास नसेल किंवा अगदीच कमी असेल तर तोंडाने श्वास द्या, साधारण दर पाच सेकंदाला एक. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरू करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, उलटी झाली तरी गुदमरत नाही.

नालोक्सोन हे ब्राऊन शुगर, अफू, मॉर्फिन या जातीच्या नशेवरचं औषध. आपल्याकडे सहसा इंजेक्शन मिळतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, त्यामुळे ग्रुपच्या डॉक्टर-नर्सने शिकवल्याशिवाय हात लावू नका. इथली मोठी चूक म्हणजे तो उठून बसला की सगळे टाळ्या वाजवून मोकळे. नालोक्सोनचा परिणाम अर्धा-दीड तासात उतरतो, माल अजून अंगात असतो, माणूस परत झोपेत जाऊ शकतो. वरून त्याला टर्की आलेली असते, तो चिडतो, पुन्हा ओढायला पळतो. थांबा त्याच्यापाशी, हॉस्पिटलला न्या. कुत्ता गोळीवर, दारूवर किंवा एमडीवर नालोक्सोन चालत नाही, पण मिक्स घेतलं असेल, आणि आजकाल मिक्सच असतं, तर दिल्याने नुकसान नाही. एमडीवाल्याची गोष्ट वेगळी: अंग तापलेलं, छातीत दुखतंय, दोन-तीन दिवस झोप नाही, सगळे आपल्या मागावर आहेत असं वाटतंय. घोळका करू नका, वाद घालू नका, सावलीत न्या, अंग गार करा, छातीत दुखत असेल तर परत 108.

सगळ्यात जास्त लक्ष कुणाकडे द्यायचं, तर नाशिकरोड जेलमधून सुटलेल्या आणि व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलेल्या माणसाकडे. काही महिने बंद होतं म्हणून शरीराची सवय गेलेली असते, आणि स्लिप झाली, म्हणजे परत नशा केली, की तो जुनाच डोस घेतो. घरचे खुश असतात, पोरगा सुधरून आला म्हणून, त्यामुळे हा विषय कोणी काढत नाही. तुम्ही काढा. सरळ सांगा, घेतलंस तर पहिल्यासारखं घेऊ नको, आणि एकटा असताना घेऊ नको.

फोटो

ड्रेसिंग करतानाचा फोटो, स्टेटसला, चेहरा इमोजीने झाकून. नको. शर्टावरून, टॅटूवरून, मागच्या भिंतीवरून गल्लीतले लोक ओळखतात. कुणाचा एचआयव्ही रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर तो नुसता मूर्खपणा नाही, 2017 च्या त्याच कायद्याने त्याच्या संमतीशिवाय कोणाला सांगायलाच बंदी आहे. आई विचारत आली तरी नाही.

दवाखान्यात भांडण

याला गळू झालंय, केस पेपरच्या लाइनीत उभा राहिलाय, आणि खिडकीवरचा माणूस त्याच्याशी नीट बोलत नाही. तुमचं रक्त उसळतं. पण तुम्ही भांडून निघून जाता आणि पुढच्या वेळी तोच पेशंट त्याच खिडकीवर एकटा जातो. शांत राहा, नाव-वेळ लिहून घ्या, कोऑर्डिनेटरकडे द्या, ते वरच्यांशी बोलतात. एखादी ओळखीची सिस्टर शोधून ठेवलीत तर निम्मी कामं होतात. आणि सकाळी लवकर न्या, दुपारपर्यंत टर्की लागली की तो लाइन सोडून जाणार, त्याचा दोष नाही.

थोडं उरलेलं

बाईला भेटायला ताईनेच जावं, तिला बऱ्याचदा नवराच टोचून देतो आणि त्याच्यासमोर ती बोलत नाही. सोल्यूशन हुंगणारी लहान पोरं दिसली तर आपला मोठ्या माणसांचा कार्यक्रम त्यांना लावू नका, 1098 या चाइल्डलाइनला कळवा. ग्रुपमधले जे पीअर आहेत, म्हणजे स्वतः त्यातून गेलेले, त्यांच्या पुढे बोलू नका, कट्ट्यावर कोण आज उखडलेला आहे ते त्यांना लांबून कळतं.

सिंहस्थ 2027 मध्ये आहे, बंदोबस्त वाढत जाईल तशी पंचवटीतली माणसं पांगणार. कोण कुठे जाणार हे आत्ताच विचारून ठेवा, वडाळा नाका, द्वारका, नाशिकरोड स्टेशन, जिथे असेल तिथे. फोन बऱ्याच जणांकडे नसतात किंवा विकलेले असतात, चहाच्या टपरीवर निरोप ठेवायची सोय जास्त चालते.

एमएसडब्ल्यूवाली (समाजकार्य शिकणारी) पोरं परीक्षा आली की गायब होतात, ते ठीक आहे, पण सांगून जा. रविवारी पाच म्हटलं की पाच. जमणार नसेल तर महिन्यातून एकदाच या पण ठरलेल्या दिवशी. काम सोडताना दोन-तीन फेऱ्या नव्या माणसाला सोबत घेऊन या, त्याची ओळख करून द्या, ड्रेसिंग कुणाचं अर्धवट आहे, कुणाचा रिपोर्ट आणायचाय ते वहीत लिहून द्या, आणि सगळ्यांचे नंबर तुमच्या फोनमधून काढून ग्रुपच्या फोनवर टाका.