थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ: उष्णतावाहकता फारच कमी आली? आधी या चुका टाळा

तापमानातल्या फरकावर वीज करायची, तर पदार्थातून वीज सुरळीत वाहायला हवी आणि उष्णता अडायला हवी. त्यामुळे उष्णतावाहकता ०.३ वॅट प्रति मीटर-केल्विन आली की प्रोजेक्टवाली मंडळी लगेच पेढ्यांची भाषा करू लागतात. नेहमीचं बिस्मथ टेल्युराइड १.५ च्या आसपास असतं, तेव्हा आनंद समजण्यासारखा आहे. पण इतका कमी आकडा आला की तो आधी संशयित समजावा.

दिशेची गफलत. माझ्या मते सगळ्यात फसवी चूक हीच. टिन सेलेनाइडसारखे पदार्थ थरांचे असतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने त्याच्या एकस्फटिकात ९२३ केल्विनला झेडटी (पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो ते सांगणारा अंक) २.६ नोंदवला, तोही एका विशिष्ट अक्षाच्या दिशेने. आपण पावडर दाबून पेलेट (घट्ट वडी) करतो तेव्हा थर बऱ्याच अंशी आडवे बसतात. लेझर फ्लॅश यंत्र (एका बाजूला लेझरचा झोत टाकून दुसरी बाजू किती वेळात तापते ते बघणारं) उष्णता मोजतं पेलेटच्या जाडीतून, म्हणजे थरांना छेदून. विद्युतवाहकतेसाठीची पट्टी मात्र आपण पृष्ठभागाला समांतर कापतो. एका दिशेची अडलेली उष्णता आणि दुसऱ्या दिशेची मोकळी वीज एकाच सूत्रात घातली की झेडटी उगाच फुगतो. उपाय कष्टाचा आहे: उंच पेलेट दाबा आणि चकती व पट्टी अशा कापा की दोन्ही मोजमापं एकाच दिशेने होतील.

पोकळ पेलेट. छिद्रं उष्णता अडवतात, तशीच वीजही. फायदा दिसतो तो उष्णता एका पेलेटवर आणि वीज दुसऱ्या, घट्ट पेलेटवर मोजली तर. आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता काढताना पाणी उघड्या छिद्रांत शिरतं आणि पेलेट आहे त्यापेक्षा घट्ट भासतो. वजन आणि मापांवरून काढलेली घनता शेजारी लिहून ठेवा. जाडीही नीट मोजा. लेझर फ्लॅशच्या सूत्रात तिचा वर्ग (स्क्वेअर) येतो, म्हणजे ५ टक्क्यांची चूक थेट १० टक्क्यांवर जाते.

जाळीची वाहकता ऋण. उष्णता इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तशी अणूंच्या जाळीची कंपनंही. जाळीचा वाटा काढायला एकूण उष्णतावाहकतेतून इलेक्ट्रॉनांचा वाटा वजा करताना लोक लॉरेन्झ अंक (विद्युतवाहकतेवरून तो वाटा काढण्याचा गुणक) डोळे झाकून २.४४ (× १०⁻⁸ वॅट-ओहम प्रति केल्विन वर्ग) घेतात. तो धातूंचा आकडा. समजा ६०० केल्विनला सीबेक गुणांक (एक केल्विन फरकावर मिळणारं व्होल्टेज) २०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन, विद्युतवाहकता ४०० सीमेन्स प्रति सेंटीमीटर आणि एकूण उष्णतावाहकता ०.५५ आहे. २.४४ घेतलं तर इलेक्ट्रॉनांचा वाटा ०.५९ येतो, जाळीसाठी उरतात उणे ०.०४. निसर्गात असं होत नाही! सीबेकवरून अंदाज केला की लॉरेन्झ अंक साधारण १.६८ येतो, वाटा ०.४० होतो आणि जाळीसाठी ०.१५ राहतात. तेही कमीच, पण निदान शक्यतेच्या कक्षेत.

विशिष्ट उष्मा. लेझर फ्लॅशच्या मोजणीतून उष्णतावाहकता काढताना घनतेबरोबर यानेही गुणावं लागतं. कॉपर सेलेनाइडमध्ये सुमारे ४०० केल्विनला अवस्थांतर होतं, तिथे विशिष्ट उष्म्याच्या मोजणीत उंच शिखर दिसतं. त्या पट्ट्यातला झेडटी मिरवू नका.

आकडा जास्त येतोय? मुंबईत जुलैत ही तक्रार हमखास येते. टिन सेलेनाइडच्या कणांवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि टिन ऑक्साइड उष्णता चांगली वाहून नेतं, म्हणून उत्तम पदार्थही वाईट दिसतो. २०२१ मध्ये हा ऑक्साइड काढल्यावर दाबलेल्या पेलेटमध्येही ७८३ केल्विनला झेडटी ३.१ च्या आसपास गेला. बॉल मिलमधली पावडर रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवून भागत नाही. सिलिका जेल ओलावा शोषतं, ऑक्सिजन नव्हे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात निळं जेल गुलाबी व्हायला फार वेळ लागत नाही. दळणं, भरणं, सारं आर्गॉन वायू भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) करा. तरीही आकडा चढाच आला, तर पदार्थ फेकण्याआधी सुरुवातीचं टिन किती शुद्ध होतं ते पाहा, कारण बाटलीतल्या टिनवरही ऑक्साइड असतो.