नोकरी नसताना किट कारचा विमा
फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात जुनी नोकरी ठोकून देऊ नका. क्लेमच्या वेळी ते उघड झालं, तर कंपनी सरळ हात वर करू शकते. ‘बेरोजगार’ असंच लिहा आणि किट कारचा (म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडलेल्या गाडीचा) विमा उतरवणाऱ्या ब्रोकरशी फोनवर बोला. ऑनलाइन फॉर्ममध्ये अशी गाडी बहुतेकदा बसतच नाही. ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी मागा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरते. त्यासाठी इंजिन, चासी, गिअरबॉक्सची बिलं आणि जोडणीचे फोटो जपून ठेवा. गाडी अजून अर्धवट असेल तर फक्त आग-चोरीचं कवच विचारा, ते स्वस्त पडतं. वर्षाचे किलोमीटर कमी (खरोखर कमी!) असतील तर हप्ता उतरू शकतो. नोकरी लागली की मात्र लगेच कळवा. रोज कामावर गाडी नेणं हा वेगळा वापर धरतात.