2LO भागिले LO: कॅडमियम सल्फाइडच्या रामन मापनात कुठे चुकतं

सांगलीत रासायनिक द्रावणाच्या बाथमधून कॅडमियम सल्फाइड काढायचं आणि रामनसाठी (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून पदार्थातली कंपनं मोजायला) सॅम्पल बाहेरगावी न्यायचं, असं एमएस्सीच्या बऱ्याच प्रोजेक्टांत होतं. त्यात LO (स्फटिकातल्या अणूंच्या एका कंपनाचं, म्हणजे फोनॉनचं पीक) आणि 2LO (त्याच्या दुपटीवरचं पीक) यांचं 2LO भागिले LO हे गुणोत्तर काढतात; त्यावरून इलेक्ट्रॉन-फोनॉन कपलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉन या कंपनांशी किती घट्ट जोडलेत, ते पाहतात. मशीनवर वेळ थोडा मिळतो, म्हणून तयारी निघण्याआधीच उरका.

पावडर सिलिकॉनच्या तुकड्यावर मुळीच टाकू नका. त्याचं 520.5 चं पीक कॅलिब्रेशनला उत्तम. पण त्याचंच एक बारकं पीक 303 प्रति सेंटीमीटरला असतं, आणि कॅडमियम सल्फाइडचा LO फोनॉन येतो 305 ला. दोन्ही मिसळले की LO फुगतो, गुणोत्तर उतरतं आणि इलेक्ट्रॉन-फोनॉन कपलिंग कमी झालं असं खोटंच वाटतं. त्यापेक्षा स्लाइडवर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा आणि त्यावर पावडर दाबा. फिल्म काचेवर असेल तर कोरी काचही मोजून वजा करा, कारण काचेचा रुंद उंचवटा 610 च्या 2LO खालपर्यंत पसरतो. हातमोजे घालाच. कॅडमियम विषारी आहे, शिवाय हळदीचं बोट लागलं तर कर्क्युमिनची चमक बेसलाइन उचलते.

लेझर 488 नॅनोमीटरचा मिळाला तर तोच घ्या. त्यावर 2LO 503 नॅनोमीटरला येतं आणि बल्कची (मोठ्या कणांच्या पदार्थाची) चमक 512 च्या आसपास, म्हणजे पीक तिच्या उतारावर राहतं. मात्र कण बारीक (नॅनो) झाले की बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, वाढतो आणि तोच लेझर रेझोनन्सपासून (लेझरची ऊर्जा तिच्याशी जुळते त्या स्थितीपासून) वेगळ्या अंतरावर पडतो. मग बल्क आणि नॅनोच्या गुणोत्तरातला फरक कपलिंगचा की रेझोनन्सचा, हे एका लेझरवर सांगता येत नाही. आधी दोघांचे अॅबसॉर्प्शन स्पेक्ट्रम काढून ठेवा, आणि जमेल तर दोन तरंगलांबींवर मोजा.

पॉवरमध्ये सर्वांत जास्त चुका होतात. 1 मिलिवॅट ऐकायला किरकोळ. पण सव्वा मायक्रॉनच्या ठिपक्यात ते दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 80 किलोवॅट होतं. पावडरमधून उष्णता लवकर निघत नाही. LO खाली सरकतो, रुंदावतो, आणि तेच कन्फाइनमेंट (कण बारीक असल्याचा परिणाम) समजलं जातं. सुरुवात 0.1 मिलिवॅटने करा, मग दुप्पट करा. पीक सरकलं तर ती उष्णता. जागचं हललं नाही, तरच पुढे आकाराचा विचार करा.

नॅनोच्या LO ला डाव्या बाजूला खांदा असतो, कणाच्या पृष्ठभागावरच्या मोडचा (कंपनाचा). एकाच लोरेंत्झियनने (पिकावर बसवायच्या वक्राने) फिट केलं तर त्याचं क्षेत्रफळ LO मध्ये जमा होतं, म्हणून दोन घ्या. शेवटी पहिल्या जागी कमी पॉवरवर पुन्हा मोजा. पीक मूळ जागी आलं नाही तर तिथलं सॅम्पल बदललंय. तो डेटा बाद.