मुलांबरोबर खेळताना या चुका टाळा

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं आणि आम्ही विश्रामबागेत सासुरवाडीच्या दुसऱ्या मजल्यावर. वीज नाही, मोबाइल बंद पडलेले, एका खोलीत नऊ माणसं, त्यातली चार पोरं. पहिली रात्र मुलं दचकून उठत होती. सकाळी सासूबाईंनी खडूनं फरशीवर वाघ-शेळीचा पट आखला, डब्यातले चिंचोके काढले आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, बसा की खाली."

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. त्या आठवड्यात मी तिच्याशी जेवढा खेळलो, तेवढा आधीच्या सहा वर्षांत खेळलो नव्हतो. दोन दिवसांत ती शांत झोपायला लागली. बाहेर पाणी तसंच होतं. आपला माणूस आपल्या शेजारी बसून डाव मांडतोय, एवढ्यानं तिला धीर आला. पण त्याच आठवड्यात हेही लक्षात आलं, की मला तिच्याशी खेळता येत नव्हतं.

खेळाचा तास करू नका

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मीच करत होतो. चिंचोके हातात आले की, "मोज बघू किती आहेत? त्यातले तीन गेले तर किती उरले?" तिसऱ्या प्रश्नाला मुलगी उठून गेली. लगोरी रचताना, भातुकली मांडताना आपण सतत परीक्षा घेतो. मुलाला ते लगेच कळतं.

खेळात शिकणं होतंच, फक्त ते आपण शिकवल्यामुळं होत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, वाघ कुठून येईल याचा आधी विचार करायचा, नियमावरून भांडण झालं तर ते मिटवायचं, हे सगळं डावातच घडतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये डॉक्टरांना सल्ला दिला होता, की पहिल्या दोन वर्षांत तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या आईवडिलांना औषधासारखा खेळही लिहून द्या. इतक्या लहान बाळाबरोबरचा खेळ साधाच असतो. ते हुंकारलं की आपण हुंकारायचं, त्यानं वाटी आपटली की आपणही आपटायची.

थोड्या मोठ्या मुलांबरोबर मी एक साधी गोष्ट पाळतो: डाव कुठला आणि नियम काय, ते मूल ठरवणार. दिवसभर उठ, आवर, जेव, लिही हे सगळं आपणच सांगत असतो. खेळात तरी राज्य आपल्यावर येऊ द्या. डबा ऐसपैसमध्ये बापाला शोधायला लावण्यात पोराला जो आनंद होतो, तो एकदा जवळून बघा.

हरण्या-जिंकण्याचा घोळ

काही आईवडील प्रत्येक डाव मुद्दाम हरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे लबाड हरणं ओळखता येतं, आणि गल्लीत खरं हरल्यावर त्याला ते झेपत नाही. काही जण उलट, कॅरममध्ये सात वर्षांच्या पोराला एक सोंगटी घेऊ देत नाहीत.

याचं उत्तर आपल्या जुन्या खेळांतच आहे. लहान भावंडाला लिंबूटिंबू करून डावात घ्यायचे ना, तसंच स्वतःला अडचण करून घ्या. कॅरम डाव्या हातानं खेळा, लगोरी चार पावलं मागून फोडा. मग जीव तोडून खेळा.

हरल्यावर मूल रडलं तर "रडीचा डाव" किंवा "चिडका बिब्बा" म्हणून चिडवू नका. या वयात रडू येणारच. जवळ घ्या, थोडं थांबा आणि छोटे डाव खेळा, म्हणजे हरणं लवकर संपतं. आणि आपण हरलो की तोंडानं म्हणा, "हरलो की! चला, परत मांडा." हरल्यावर काय करायचं, हे मूल आपल्याकडं बघूनच उचलतं.

वेळ नाही म्हणून रविवारवर ढकलणं

मी मार्केट यार्डात काम करतो. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत घरी यायला आठ वाजतात. तरी रोज पंधरा मिनिटं निघतात, मात्र फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मांडीवर फोन असला की मूल आधी हाक मारतं, मग सोंगट्या उधळतं, आणि आपण त्यालाच वांड म्हणतो. महिन्यातून एकदा आमराईत नेऊन दिवसभर फिरवण्यापेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे. पाच वर्षांपुढच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं धावपळ करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सगळी आपल्याबरोबरच व्हायला हवीत असं नाही.

खेळ एकदम बंद करू नका. "अजून दोन डाव, मग जेवायला," असं आधी सांगितलं की रडारड निम्म्यानं कमी होते.

गादीवरची कुस्ती

आपला भाग कुस्तीचा. गादीवर झोंबाझोंबी झालीच पाहिजे. किती जोर लावला की दुसऱ्याला लागतं, हे पोराला त्यातूनच कळतं. पण "थांब" म्हटलं की त्याच क्षणी हात सोडायचा. गुदगुल्यांनाही हाच नियम. मूल हसत असलं तरी ते नको म्हणत असेल, तर नकोच. आणि झोपायच्या तोंडावर हा खेळ नको, मग अकरा वाजेपर्यंत कोणी झोपत नाही.

मुलींना भातुकली आणि मुलांना बॅट, अशी वाटणीही करू नका. माधवनगरच्या स्मृती मानधनाला भावाचा सराव बघूनच क्रिकेटची ओढ लागली. आमच्याकडं भातुकलीचा चहा मी करतो.

मूलच खेळायला येत नसेल तर

आग्रह करू नका, शेजारी बसा आणि आपलं काहीतरी सुरू करा. लहान मूल थोड्या वेळानं येऊन हात घालतं. मोठ्यांचं वेगळं असतं. माझी मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा वाघ-शेळी तिला बाळबोध वाटायला लागली. महिनाभर मी विचारायचो आणि ती "नको पप्पा" म्हणायची. मग एकदा मी तिला म्हटलं, मला बॅडमिंटनची सर्व्हिस शिकव. तिनं माझा हात धरून रॅकेटची पकड तीनदा दुरुस्त केली. संध्याकाळी गच्चीवर दिवा लावून आम्ही आठ वाजेपर्यंत खेळत होतो. दुसऱ्या दिवशी मी घरी आलो, तेव्हा दोन्ही रॅकेटी दारात काढून ठेवल्या होत्या.