नवा समुद्री मासा आणलात? ठिपके शोधण्याआधी श्वास मोजा

माझ्या पहिल्या निळ्या टँग माशाच्या अंगावर तिसऱ्या दिवशी मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठले. सहाव्या दिवशी ते दिसेनासे झाले आणि मी घरी सगळ्यांना सांगितलं, मासा वाचला. पुढच्या दहा-बारा दिवसांत टँग गेला, त्याच्यामागून दोन डॅमसेल गेले आणि तीन वर्षं सांभाळलेली क्लाऊनफिशची जोडीही गेली. ठिपके गेले तेव्हा परजीवी मेला नव्हता. तो पोट भरून माशावरून उतरला होता आणि वाळूत कवच करून वाढत होता. हे तेव्हा कोणी नीट सांगितलं असतं तर ते पाचही मासे वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ठिपक्यांच्या या आजाराला दुकानात सगळे 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. तो तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत राहून खातो, मग गळून पडतो आणि काचेवर, दगडावर, वाळूत चिकटून कवच धरतो. त्या एका कवचातून शेकडो पिल्लं सुटतात आणि साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीत रुतलेल्याला आणि कवचातल्याला ते जवळजवळ काहीच करत नाही. पुढचं सगळं वेळापत्रक यावर बसवलेलं आहे.

मासा येण्याआधी

एक वेगळा क्वारंटाइन टँक मांडा. ६०×३०×३० सेंमीचा साधा काचेचा टँक लहान माशांना पुरतो. त्यात वाळू, लाइव्ह रॉक (टँकमधला जिवाणू मुरलेला समुद्री दगड) काही नको, कारण दोन्ही कॉपर, म्हणजे पुढे वापरायचं तांब्याचं औषध, शोषून घेतात. लपायला पीव्हीसी पाईपचे दोन-तीन तुकडे, एक स्पंज फिल्टर, झाकण आणि एअर पंप, इतकंच. स्पंज आधी तीन-चार आठवडे निरोगी टँकच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या गाळणटाकीत, ठेवून मुरवा, नाहीतर अमोनियाच माशाला मारेल.

आपल्याकडे हीटर सहसा लागत नाही, अडचण उलटी असते. एप्रिल-मेमध्ये पाणी सहज ३० अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि परजीवीचं चक्रही भरभर फिरतं. पावसाळ्यात लाइट गेली की तासाभरात मासे वर येऊन धापा टाकू लागतात, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप मी औषधांच्याही आधी विकत घ्यायला सांगते.

पाणी आरओचं आणि मीठ मरीन सॉल्ट. किनाऱ्यावरून कॅन भरून आणणारे पुष्कळ जण आहेत, पण गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या मुखाशी पावसाळ्यात खारटपणा किती खाली येतो ते रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं साधन, लावल्यावर कळतं. शिवाय न गाळलेल्या पाण्यातून परजीवी येऊ शकतातच.

मासा घरात आल्यावर

मुंबईहून रात्रीच्या बसने आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. पिशवी बंद असताना कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली राहतो आणि त्या अमोनियाचं विष दबलेलं असतं. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तेच विष माशाला भिनतं. त्यामुळे उघडलेल्या पिशवीत तासन् तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. दुकानदाराला आदल्या दिवशी त्याच्या पाण्याचा खारटपणा विचारा आणि क्वारंटाइनचं पाणी तेवढंच खारट करून ठेवा. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान सारखं करा, उघडा आणि मासा अलगद आत घ्या. पिशवीचं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नका.

पहिला दिवस दिवा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी खायला घालण्याआधी घड्याळ घेऊन समोर बसा आणि कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजा. तोच आकडा रोज वहीत लिहा. ठिपके फसवतात, कारण पहिला हल्ला बहुधा कल्ल्यांवर असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. मासा शांत असताना आकडा दीडपट झाला तर अंग स्वच्छ दिसलं तरी मी त्याला आजारी धरते.

कोणता आजार, कसा ओळखायचा

व्हाइट स्पॉटचे ठिपके मोजता येतात, बारीक मिठासारखे, परांवर जास्त ठळक. मासा पाईपला अंग घासतो, पण बऱ्याचदा खातही असतो. तुमच्या हातात थोडे दिवस असतात.

वेलवेट या दुसऱ्या आजारात तेवढे दिवस नसतात. त्याचा परजीवी अमायलोओडिनियम हा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय जीव, आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटांत जो निळा उजेड चमकतो, त्या जीवांचा हा दूरचा भाऊबंद. खोली अंधारी करून बाजूने टॉर्च मारा: अंगावर पिठासारखी, किंचित सोनेरी धूळ दिसते, ठिपके मोजताच येत नाहीत. पण धूळ दिसेपर्यंत थांबू नका. मासा उजेड टाळतो, खाणं सोडतो आणि पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) झोतात तोंड धरून उभा राहतो, तेव्हाच उपचार सुरू करा. दोन-तीन दिवसांत अख्खा टँक रिकामा होतो.

क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरा चिकटा सालीसारखा सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला हा परजीवी. त्यावर कॉपर चालत नाही. क्रोमिस माशाच्या कुशीवर लालसर चट्टा उठला तर युरोनेमा या परजीवीचा संशय घ्या, त्यातून मासे क्वचितच वाचतात. डोळा धुरकट, सारखी जांभई, एकच कल्ला हलणं, ही फ्लूकची, म्हणजे चपट्या कृमींची खूण.

फ्लूक आहेत का ते गोड्या पाण्याच्या आंघोळीत कळतं. क्लोरीन नसलेलं गोडं पाणी घ्या आणि तापमान व पीएच टँकइतका करा. आपल्याकडच्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी बहुधा किंचित आम्ल असतं, त्यात चिमूटचिमूट खायचा सोडा घालून पीएच ८.२ पर्यंत आणा. हवा सोडा आणि मासा ३ ते ५ मिनिटं ठेवा. फ्लूक असतील तर पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात, म्हणून भांडं गडद रंगाचं हवं. मासा कोलमडून निपचित पडला तर लगेच बाहेर काढा. ही आंघोळ व्हाइट स्पॉट बरा करत नाही.

उपचार

व्हाइट स्पॉट आणि वेलवेट दोन्हींवर माझा भरवसा कॉपरवर. आधी पाणी मोजा: ६०×३० सेंमीच्या टँकमध्ये २७ सेंमी पाणी म्हणजे सुमारे ४८ लिटर. बाटलीवर कॉपर कोणत्या प्रकारचं आहे ते वाचा. चिलेटेड कॉपर लिटरमागे २ ते २.५ मिलिग्रॅम लागतं, आयनिक खूपच कमी. चिलेटेडचा आकडा आयनिकला लावला तर मासा तासांत मरेल. व्हाइट स्पॉट असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू मात्रा चढवा, वेलवेट असेल तर एका दिवसात. त्या कॉपरला चालणाऱ्या टेस्ट किटने रोज तपासा. पाणी बदलाल तेव्हा नव्या पाण्यातही तेवढंच कॉपर मिसळा, कारण मात्रा एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. असे सलग ३० दिवस. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा आणि अमोनिया बांधणारं औषध कॉपरसोबत कधीही टाकू नका.

मँडरिन, बुटके एंजल आणि काही रास (wrasse) जातीचे मासे यांना कॉपर झेपत नाही. व्हाइट स्पॉटपुरता त्यांच्यासाठी औषधाविना मार्ग आहे: दर ७२ तासांनी मासा पूर्ण कोरड्या, स्वच्छ टँकमध्ये नव्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा, एकूण १२ दिवस. गळून पडलेला परजीवी मागेच राहतो. सोडलेला टँक, पाईप, जाळी, सगळं धुऊन कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर दोन संच ठेवा आणि पंख्याखाली सुकवा. वेलवेटला हा उपाय पुरा पडत नाही.

फ्लूकसाठी पशुवैद्याकडून प्राझिक्वांटेल घ्या, लिटरमागे २.५ मिलिग्रॅम, हवा जोरात. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून पाच-सात दिवसांनी दुसरा डोस. ब्रुकलिनेलासाठी ३७ टक्के फॉर्मेलिन लिटरमागे ०.१५ मिली, वेगळ्या बादलीत, ३० ते ४५ मिनिटं, डोळ्यांदेखत. हे माणसालाही घातक आहे: हातमोजे, उघडी खिडकी, पोरं-बाळं लांब. बाटलीत पांढरा साका दिसला तर ती वापरू नका.

गोड्या पाण्यातल्या माशांना चालणारा 'पाणी गरम करा' हा सल्ला इथे कामाचा नाही, ३० अंशांत व्हाइट स्पॉटचा परजीवी मजेत वाढतो. लसूण चोळलेल्या खाण्याने मासा खायला लागेल, बरा होणार नाही. आणि कुणीही सांगितलं तरी कॉपर मुख्य टँकमध्ये टाकू नका. प्रवाळ, कोळंबी, शंख सगळे मरतील आणि दगडात मुरलेलं कॉपर पुढे कधी सुटेल याचा नेम नाही.

मुख्य टँकचं काय

आजार तिथे पोचला असेल तर एकूण एक मासा बाहेर काढा, निरोगी दिसणारासुद्धा, आणि टँक माशांविना ७६ दिवस ठेवा. कवचातून पिल्लं ७२ दिवसांनीही सुटलेली नोंदली गेली आहेत, म्हणून हा आकडा. प्रवाळांना दिवा आणि शंखांना खाणं चालू ठेवा. या काळात दोन टँकांची जाळी, बादल्या वेगळ्या ठेवा आणि ओला हात एकातून दुसऱ्यात घालू नका. नवा प्रवाळ किंवा शंखही इतकेच दिवस वेगळा ठेवावा, कवचं त्यांच्यावर चिकटून येतात.

कॉपरचं पाणी विहिरीजवळ, व्हाळात (ओढ्यात) किंवा खाजनात (खाडीकाठच्या शेतजमिनीत) ओतू नका, शौचालयात ओता.

कॉपर संपल्यावर माशाला साध्या पाण्यात आणखी दोन आठवडे बघा, श्वासाची वही चालूच. आकडा पहिल्या दिवसांइतका स्थिर असेल, मासा हातातलं खाणं ओढून घेत असेल, तर संध्याकाळी दिवे मंद करून त्याला मुख्य टँकमध्ये सोडा.