अनुभव नाही? मग मशीन बिघडवा

लातूर-नांदेडला बसून लिनक्स अ‍ॅडमिनची (लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्याची) पहिली नोकरी शोधताय? क्लासची फी भरण्याआधी जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक मोफत प्रकार) टाका. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड नक्की ठेवा. आता मुद्दाम बिघाड करा. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या एफएसटॅब (/etc/fstab) फाइलीत, अस्तित्वातच नसलेल्या डिस्कची ओळ घालून रीबूट केलं, की मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या स्क्रीनवर) अडकतं. रूटने आत शिरून ती ओळ काढा, यादीतल्या डिस्क जोडून बघणारी 'माउंट -ए' (mount -a) ही कमांड चालवून एरर येत नाही ना ते बघा, मगच रीबूट. लाइट गेली (जाणारच!) तर मशीन पुन्हा सुरू करून 'जर्नलसीटीएल -बी -१' (journalctl -b -1) ने आधीच्या बूटचा लॉग, म्हणजे नोंदी, वाचा. बिघाड, कारण, उपाय गिटहबवर (कोड आणि नोंदी ठेवायची साइट) लिहीत चला, मुलाखतीत तेच दाखवता येतं. सर्टिफिकेट हवंच असेल तर रेड हॅट या लिनक्स कंपनीचं आरएचसीएसए बरं. त्याच्या परीक्षेत प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवावं लागतं.