पात्याची धार निळी पडणे कसे थांबवले

जालन्यात भंगारातून मिळालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून मी सुऱ्या घडवायला शिकत आहे. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करत कडक केलेल्या, पात्याचा उतार (धारेकडे पातळ होत जाणारी बाजू) खरखरीत पट्ट्याच्या ग्राइंडरवर काढताना धार निळी पडत असे. हा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो आणि तेवढ्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरून धार मऊ होते. मग ती कितीही घासली तरी टिकत नाही. म्हणून आता बहुतांश उतार पाणी देण्यापूर्वीच काढून कडेला सुमारे अर्धा मिलिमीटर जाडी राखतो आणि उरलेले काम मंद वेगावर, पाते उघड्या हाताने धरून, बोटांना ऊब जाणवताच ते पाण्यात बुडवत करतो. झिजलेला पट्टा कापण्याऐवजी तापवतोच अधिक, त्यामुळे पट्ट्यांच्या खर्चात काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे. टोक सर्वांत पातळ असल्याने तेथे दाब अगदी हलका ठेवावा.